एका भिंगेचा वानवळा

नंदूभावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी डब्यांची झाकणं लावत होते. आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावात माझा घरगुती डब्यांचा छोटा उद्योग आहे, आणि मंगळवारी राजमा असतो. अजितचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फोन ओट्यावर वाजत होता आणि तो वर अंघोळीला गेला होता, म्हणून मी उचलला. पलीकडे कार्लोच्या पोलीस ठाण्यातली एक बाई होती. तिने माझं नाव विचारलं, नातं विचारलं, आणि मी बसले आहे का ते विचारलं. मी म्हटलं, उभी आहे, मला डबे भरायचेत. ती म्हणाली, बसलात तर बरं होईल. सोमवारी ते कामावर गेले नाहीत, फोन उचलला नाही, म्हणून कारखान्यातला एक सहकारी घरी बघायला गेला. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. एक्कावन्न वर्षांचे होते माझे दीर. त्या दिवशी मी सगळे डबे वेळेवर पोचवले. कसे पोचवले ते आता आठवत नाही.

याला सहा आठवडे होऊन गेले. गेलेल्या माणसाबद्दल लिहिणाऱ्यांना तो माणूस नीट कळलेला असतो असं मला आजवर वाचताना वाटायचं. माझं तसं नाही. नंदूभावजी मला कळले आहेत असं मी तीस वर्षं छातीठोकपणे सांगत होते आणि आता गोंधळून बसले आहे. त्यांच्या शेवटच्या मे महिन्यात त्यांनी मला एक मासा आणून दिला. तो मासा धरायची मुभा होती, ठेवायची नव्हती, आणि या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर माणूस त्या नदीवर दुसरा नसेल. तरी आणला. त्यानंतर ते गळ घेऊन नदीवर गेलेच नाहीत, आणि महिन्याच्या आत जगातून गेले. तो मासा त्यांनी मायेने आणला, की माझ्या तोंडाला कंटाळून? माझ्या हट्टापायी त्यांचा शेवटचा मोसम नासला का? हे मी अजितला इतक्यांदा विचारलं आहे की तो आता उठून दुसऱ्या खोलीत जातो.

आमचं सासर केळव्याचं, माझं माहेर चिंचणीचं. दोन्हीकडे समुद्र अंगणाला लागून, आणि दोन्हीकडे खाडीत भिंग यायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, भिंग हा चंदेरी, मोठ्या खवल्यांचा मासा. समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला गोड्या पाण्याकडे वर चढतो. चव अशी की इतर मासे त्यापुढे दुधी भोपळा वाटावेत, आणि आत केसासारखे काटे, तेही सरळ नाहीत, फाटे फुटलेले. पहिली भिंग मिळाली की आमच्याकडे ती एकट्याने खात नाहीत, चार घरी तुकडा जातो. शेतातलं पहिलं पीक जसं वानवळा म्हणून शेजारी देतात तसंच. लग्नानंतर पहिल्या वर्षी सासूबाईंनी गाबोळीचा, म्हणजे माशाच्या अंड्यांचा, मोठा तुकडा माझ्या ताटात वाढला होता. समोर नंदूभावजी बसले होते, तेव्हा कॉलेजात होते. म्हणाले, "वहिनी, आजवर हा तुकडा माझा असायचा." मी म्हटलं, मग आता सवय करा. आमचं नातं त्या दिवशी ठरलं ते तसंच राहिलं.

आम्ही आयर्लंडला आलो ते अजितच्या संगणक-चिपच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे. नंदूभावजी चार वर्षांनी आले, कार्लोला, औषधांच्या कारखान्यात. यंत्र जसं चालायला हवं तसंच चालतंय हे तपासून कागदावर सही करायची, हे त्यांचं काम. स्वभावही त्याच साच्यातला. फ्रीजमधल्या प्रत्येक डबीवर तारीख. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची सोय त्यांनी कुणालाच दिली नाही, मला तर मुळीच नाही. एकटा माणूस परक्या देशात शनिवार-रविवार काय करणार, अशी मला काळजी होती. तर दुसऱ्याच वर्षी मे महिन्यात त्यांचा फोन आला. आवाजात असं काही होतं की मला वाटलं, सापडली कुणीतरी. म्हणाले, "वहिनी, इथे भिंग आहे."

भिंग नव्हे, तिची इथली बहीण. तिला इथे शॅड म्हणतात. कार्लोच्या खाली बॅरो नदीवर सेंट मलिन्स नावाचं गाव आहे. भरतीचं पाणी समुद्रातून तिथपर्यंत येतं आणि बंधाऱ्याशी थांबतं. मे महिन्यात दोन-तीन आठवडे हे मासे अंडी घालायला तिथवर चढतात, मग परत जातात. नंदूभावजी नुसते फिरायला गेले होते. काठावर डेस नावाचा एक म्हातारा, निवृत्त पोस्टमन, गळ टाकून उभा होता. त्याने मासा वर काढला आणि भावजी भर रस्त्यावरून त्याच्याकडे पळत सुटले. डेसने पुढे मला सांगितलं, "मला वाटलं याचं कुणीतरी बुडतंय." त्या दिवसापासून दोघांची जोडी जमली. डेसने त्यांना रॉड कसा धरायचा ते शिकवलं, गळाला लावायचा बोटाएवढा चकचकीत पत्रा दिला, आणि पहिल्याच दिवशी नियम सांगितला. हा मासा या देशात फार थोडा उरला आहे. धरायचा, बघायचा, सोडायचा.

इथे आमचं बिनसलं. म्हणजे भांडण नाही, पण आठ वर्षं चाललेली एक कुरबुर. मी म्हणायचे, मासा धरून सोडायचा म्हणजे पंगतीत बसून हात धुऊन उठायचं. ते म्हणायचे, "वहिनी, अंडी घालायला येतात हो ते." मी म्हणायचे, "केळव्याला काय हवापालटाला यायचे? अंडी होती म्हणून तर गाबोळी खाल्लीत." यावर ते हसायचे. एकदाच पुढे बोलले. म्हणाले, बाबांच्या जाळ्यात पाट्या भरून यायच्या, मी बारावीला गेलो तोवर दोन-चार यायला लागल्या, आणि आता आई सांगते की बाजारात गुजरातहून येतात. "तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. इथे सांगतायत तर ऐकतो." मी विषय बदलला. पण पुढच्या मे महिन्यात पुन्हा सुरू केलंच. माझी ती खोड आहे.

दर मे महिन्यात ते मला फोटो पाठवायचे. ओल्या हातात मासा, मागे नदी, आणि खाली लिहिलेलं असायचं, "वानवळा पाठवला आहे." मी उलट टपाली लिहायचे, "पोचला. मीठ कमी आहे." असे किती फोटो असतील कोण जाणे. एका वर्षी आम्ही सगळे गेलो होतो नदीवर. मी थालीपिठं आणि दही घेऊन काठावर बसले. भावजींनी सकाळपासून सात मासे काढले आणि सातही सोडले. गळाचं उलटं टोक त्यांनी पकडीने दाबून सपाट केलेलं होतं, म्हणजे माशाचं तोंड फाटू नये. मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही, हात आधी ओले करायचे, तोंड प्रवाहाकडे धरायचं, त्याच्यात दम आला की तो स्वतःच निघून जातो. सातव्या वेळी मी चपला काढून पाण्यात उतरले आणि म्हटलं, जरा वास तरी घेऊ द्या. त्यांनी मासा माझ्या नाकाजवळ आणला नाही. मला वाकायला लावलं. आणि वास तोच होता, चिंचणीच्या खाडीचा. मी वाकलेलीच राहिले. डेस काठावरून म्हणाला, "ती ठीक आहे ना?" भावजी म्हणाले, "ती घरी गेली आहे, येईल एवढ्यात." हे त्यांनी इंग्रजीत म्हटलं होतं आणि मला वाटलं थट्टा करतायत.

मग करोनाचं वीस साल आलं. मे महिन्यात घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही असा हुकूम होता, आणि सेंट मलिन्स त्यांच्या घरापासून त्याच्या कितीतरी पट लांब. मासे आले असणार आणि गेले असणार, बघायला कुणी नव्हतं. डेस सत्तरीच्या पुढचा, त्याला तर घराबाहेरच पडायचं नव्हतं. नंदूभावजी मागच्या अंगणात बादली ठेवून तिच्यात तो पत्रा फेकायचा सराव करायचे, आणि ते व्हिडिओवर बघून आमची मुलगी सई हसून लोळायची. "काका, द बकेट इज नॉट बायटिंग," म्हणायची. त्या वर्षी त्यांनी मला जुनाच एक फोटो पाठवला. "शिळा वानवळा." मी काहीतरी खवचट लिहायला गेले आणि लिहिलं नाही. त्याच वर्षी त्यांचं केळव्याला जाणं रद्द झालं, पुढच्या वर्षीचंही. सासूबाई ऐंशीच्या घरात, त्या फोन कानाला लावायच्या आणि व्हिडिओत आम्हाला त्यांचा कान दिसायचा. भावजी त्या कानाशी रोज अर्धा तास बोलायचे.

एकट्या राहणाऱ्याला दुसऱ्या एका घराशी जोडून घ्यायची मुभा होती, तसं त्यांनी आमच्याशी जोडून घेतलं होतं. एकवीसच्या मे महिन्यात रस्ते उघडले आणि दोन वर्षांनी ते नदीवर पोचले. पहिल्याच दिवशी फोटो आला. मी नेहमीप्रमाणे मिठाचं लिहिलं, आणि मग काय सुचलं कोण जाणे, पुढे लिहिलं, "भावजी, आता आपण घरी कधी जाणार कुणास ठाऊक. मरायच्या आधी एकदा तरी भिंग खाऊ घाला." हे मी माझ्या मरणाबद्दल लिहिलं होतं. आपण असं सहज बोलतो. तो मजकूर अजून माझ्या फोनमध्ये आहे आणि मी तो पुसत नाही.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी ते न सांगता आले. हातात थंड पेटी. चेहरा ओढलेला, पँट मांड्यांपर्यंत ओली, तशाच ओल्या कपड्यांनी तासाभराहून जास्त गाडी चालवली होती. पेटी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, विचारू नका." मी झाकण उघडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. अंगावर काळ्या ठिपक्यांची ओळ, खवले नाण्यासारखे. मी अर्थातच विचारलं. विचारलंच, चार वेळा. "मिळाली," एवढंच म्हणाले. मी आनंदाने वेडी झाले होते. कपाटातून सासूबाईंनी दिलेला बिडाचा तवा काढला, कोकम भिजवलं, खवल्यांनी अख्खं सिंक भरलं. आत गाबोळी निघाली. ती मी त्यांना दाखवायला बाहेर नेली, तर ते मागच्या दारात पायरीवर पाठ करून बसले होते. "बघा तरी," म्हटलं. त्यांनी वळून बघितलं आणि मान हलवली.

जेवायला बसलो. त्यांनी वरणभात घेतला. पोट ठीक नाही म्हणाले. अजितने दोन घास खाऊन काट्यांना हात जोडले, सईने नुसतं बघून टोस्ट केला. उरलेली सगळी मी खाल्ली. हात धुऊन आले आणि तोंड सुटलं माझं. म्हटलं, काय भावजी, पाप सगळं माझ्या पदरात घातलंत, स्वतः कोरडे राहिलात. म्हटलं, आठ वर्षांचं व्रत मोडलंत आणि पारणंही केलं नाहीत. म्हटलं, आता डेसला तोंड कसं दाखवणार. ते हसत होते, पण लक्ष दुसरीकडेच असल्यासारखं. चहा न घेता निघाले. ती थंड पेटी त्यांनी दोनदा साबणाने धुतली, पुसली, गाडीत ठेवली. मी दारातून ओरडून म्हटलं, "पुढच्या शनिवारी दुसरी." त्यांनी हात केला. ती आमची शेवटची भेट.

फोन होत राहिले. "नदीवर गेला होतात का?" "नाही, काम आहे." पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, पुन्हा काम. मोसम संपला. दोन वर्षं वाट बघून मिळालेला मोसम हा माणूस कामात घालवतोय हे मला खटकलं होतं, पण मंगळवारचा राजमा, गुरुवारची छोले-पुरी, या रहाटगाडग्यात मी त्याच्या मागे लागले नाही. एरवी कुठल्याही गोष्टीच्या मागे लागणारी मी. जून उजाडला आणि तो फोन आला.

अंत्यविधीला मोजकी माणसं. केळव्याला सासूबाईंना शेजाऱ्यांनी मोबाइल धरून दाखवलं. त्यांनी एकदाच विचारलं, "जेवला होता का?"  नंदूभावजींचं कार्लोचं घर आवरायला आम्ही तिघं गेलो. डब्यांवर तारखा, रॉड खुंटीला, नदीत उतरताना घालायची छातीपर्यंतची रबरी विजार, गुडघ्याशी फाटलेली, दोरीवर उलटी वाळत घातलेली. मी सारखं एकच बोलत होते, की शेवटच्या दिवशी त्यांनी खाल्लं का नाही, गप्प का होते, माझं काही लागलं का. सई खोके भरत होती. पंधरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत. मान वर न करता म्हणाली, "मॉम, ही न्यू इट वॉज राँग अँड ही डिड इट फॉर यू. दॅट्स ऑल." ती चिडून म्हणाली नव्हती, म्हणून जास्त लागलं. मी विजार दोरीवरून काढली. आत कुठेतरी ती अजून ओलसर होती. मी त्या घरात खाली फरशीवर बसून रडले. त्या दिवसापर्यंत मला रडू आलं नव्हतं.

रॉड डेसला द्यायचे असं अजितने ठरवलं. जुलैच्या एका रविवारी सेंट मलिन्सला गेलो. नदी तीच, पण मासे नाहीत, त्या महिन्यात कुणी त्यांची आठवणही काढत नाही. मुलं बंधाऱ्यावरून उड्या मारत होती. डेस धक्क्यावरच्या बाकावर थर्मास घेऊन बसला होता. अजित रॉड घेऊन गाडीकडून यायच्या आत मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि सगळं ओकून टाकलं. मासा मी मागितला, मी खाल्ला, मग ते इथे आले नाहीत, माझ्यामुळे आले नाहीत का. माझं इंग्रजी अशा वेळी पार कोसळतं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "बस आधी." त्या फोनवरच्या बाईसारखंच.

त्याने सांगितलं ते असं. त्या शनिवारी सकाळी मासा लागला तो गळ खोल गिळून. रक्त येत होतं. नंदूने गळ कापून टाकला आणि मासा प्रवाहाकडे तोंड करून धरून उभा राहिला, मांडीएवढ्या पाण्यात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. डेस म्हणाला, सोड, नाही जगणार. नंदू हलला नाही. अर्धा तास तसाच. मे महिन्यातलं ते पाणी बर्फासारखं असतं. मग मासा कलंडला. मेलेलाही नदीतच सोडायचा, असं डेसनेच त्याला पूर्वी सांगितलं होतं. नंदू मासा हातात घेऊन तसाच उभा. म्हणाला, "डेस, माझी वहिनी आठ वर्षं मागते आहे." डेसने पलीकडच्या काठावर एक बगळा दिसल्यासारखं केलं आणि तो बराच वेळ बघत बसला.

"मग नंतर आलेच नाहीत?" मी विचारलं. आला होता, डेस म्हणाला, पुढच्याच आठवड्यात, रॉड न घेता. म्हणाला, एक घेतला, तेव्हा माझं या वर्षाचं झालं. "मी म्हटलं, असा नियम कुठे आहे? तर म्हणाला, माझा आहे." दोघांनी बाकावर बसून चहा प्यायला, इतर लोक मासे काढत होते ते बघितलं. मला हे ऐकून बरं वाटलं नाही.  म्हणजे गेलाच तो मोसम, माझ्या ताटात गेला. मी डेसला म्हटलं, तुला खरं सांगायचं तर सांग, तो दुःखी होता का? त्याने खांदे उडवले. "थकलेला होता. त्याच्या छातीत काय चाललं होतं ते आपल्याला आता कळलं, तेव्हा नव्हतं. दुःखी... मला सांगता येणार नाही." आणि मग, जणू काही मामुली गोष्ट आठवल्यासारखं, म्हणाला, "तुझ्या ताटाचं मात्र सांगत होता. सबंध दुपार तेच."

माझ्या ताटाचं काय? डेसने थर्मासचं झाकण फिरवून लावलं. "म्हणाला, ती एकदाही बोलली नाही, डेस. जेवण संपेपर्यंत एक शब्द नाही, आणि ही बाई झोपेतही बोलते. मान खाली घालून खात होती, आणि एकेक काटा काढून ताटाच्या कडेला ओळीने लावत होती. माझी आई लावते तसा."  डेसने पुढे सांगितलं, मी त्याला विचारलं होतं, मग तू का नाही खाल्लास? "तर म्हणाला, तो मासा खाली बघूनच खावा लागतो. मी खाल्ला असता तर मला ती दिसली नसती."

अजित रॉड घेऊन आला आणि त्याने ते डेसच्या हातात दिले. परत येताना गाडीत मी गप्प होते, आणि अजितने दोनदा विचारलं की गाडी थांबवू का. अजूनही माझं नक्की काही ठरत नाही. त्यांनी मायेने आणला हे आता कळलं. त्यांना लाज वाटली हेही खरं असणार, नाहीतर स्वतःला शिक्षा कशाला करतील. दोन्ही एकाच माणसाच्या पोटात एकाच दुपारी कसं मावलं, हे मला उलगडत नाही, आणि विचारायला ते नाहीत. मी काटे ओळीने लावते हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी पहिल्या वर्षी शिकवलं असणार, काटा घशात गेला की नाही ते समजावं म्हणून. मी त्यांना फोन करून विचारलं. फोनवर कान दिसत होता. त्या म्हणाल्या, "मी नाही शिकवलं. तूच माझं बघून करायला लागलीस. नंद्यानेच मला दाखवलं होतं तेव्हा, बघ आई, वहिनी तुझ्यासारखं करते."

परवा शुक्रवारी बांगडे केले. बांगड्याला काटे ते किती. तरी एक काढला, ताटाच्या कडेला ठेवला, त्याच्या शेजारी दुसरा. समोर अजितच्या चमच्याचं वाजणं थांबलं. सईही थांबली असावी. माझ्याकडे बघतायत हे कळत होतं, पण मी मान वर केली नाही आणि बोलले नाही. बघू दिलं.